चकाकी आणि काळिमा

आवडीनिवडीला इतिहास नसतो, अशी आपली एक सोयीची समजूत आहे. कोणास आमटी गोड लागते, कोणास तिखट. त्यांत विचार तो काय करावयाचा, असें म्हणून आपण पुढें जातों. परंतु माणसाची आवड ही कांहीं आकाशांतून पडत नाहीं. ती कोणाच्या तरी कारखान्यांत घडते, एखाद्या युद्धांत वळण घेते, बाजारांत तिची किंमत ठरते, आणि मग ती आपल्या घरीं येऊन ‘माझी स्वतःची आवड’ या नांवानें नांदूं लागते. अशाच एका, वरवर पाहतां क्षुल्लक वाटणाऱ्या, आवडीचा इतिहास आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

ठाणें, कल्याण व डोंबिवली या पट्ट्यांतील तरुणांचे सहा दिवस लोकल गाडीच्या दांड्याला धरून जातात. सातव्या दिवशीं त्यांतील कांहीं जण पहाटेस मोटारसायकल बाहेर काढतात, आणि मुरबाडवरून माळशेज घाटाकडे किंवा शहापूरवरून कसाऱ्याकडे निघतात. यासाठीं त्यांना जी गाडी विशेष प्रिय आहे तिला ‘क्रूझर’ म्हणतात. बैठक सखल, अंग लांब, हँडल उंच व मागें वळलेलें, पाय पुढें टाकून आरामांत बसावयाचें आणि वेगापेक्षां डौल मोठा मानावयाचा, हें तिचें लक्षण. गाडी दारांत आली कीं तिला सजविण्याचा विचार सुरू होतो, आणि तेथें दोन पंथ पडतात. एक पंथ म्हणतो, सायलेन्सर, आरसे, दिव्याचें कडें, मडगार्ड, इंजिनावरील झांकणें, सर्व कांहीं क्रोमच्या मुलाम्यानें लखलखलें पाहिजे. दुसरा म्हणतो, हीं सर्व कोळशासारखीं काळीं झालीं पाहिजेत. आणि तो काळा रंगही चकाकणारा नव्हे, तर मंद व निस्तेज असावा. वडील पहिल्या पक्षाचे आणि चिरंजीव दुसऱ्या पक्षाचे, असा देखावा आम्हीं एकाहून अधिक घरांत पाहिला आहे. खर्च बहुधा वडिलांचा असल्यामुळें वादाला धार येते, इतकेंच.

या वादांत दोन्ही पक्षांनीं एक गोष्ट न बोलतां मान्य केलेली असते. ती ही कीं, क्रोम हें जुनें व काळें हें नवें. क्रोम म्हणजे आजोबांचा काळ व काळा रंग म्हणजे आजचें युग. इतिहास पाहूं जातां मात्र क्रम नेमका उलटा लागतो.

मोटारसायकल जन्मली ती सायकलीच्या पोटीं, आणि सायकलीचा वेष मुख्यतः काळाच होता. रॉयल एन्फील्ड या इंग्लिश मंडळीनें आपली पहिली मोटारसायकल १९०१ सालीं काढली; अमेरिकेंतील हार्ले-डेव्हिडसनचा आरंभ १९०३ सालचा. त्या काळीं पोलादी नळ्यांवर भट्टींत भाजून पक्का केलेला काळा रंग देत. तो स्वस्त असे, टिकाऊ असे, आणि तेल व काजळी पोटांत घालून घेई. फोर्डची प्रसिद्ध ‘टी’ मोटार १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्याच रंगांत मिळत असे, हें पुष्कळांस ठाऊक असेल. तेव्हां काळा रंग हा बंडखोराचा रंग नव्हता. तो काटकसरी कारखानदाराचा रंग होता.

गाडीचे जे थोडे भाग चकचकीत ठेवीत त्यांवर निकलचा मुलामा असे. विजेच्या प्रवाहानें निकल चढविण्याची व्यवहार्य रीत आयझॅक अॅडम्स यानें १८६९ सालीं अमेरिकेंत पेटंट केली होती. परंतु निकलला किंचित् पिवळसर झांक असते आणि तें हवेनें मंद पडतें. त्यास वरचेवर घासावें लागतें. क्रोमियम हा धातु वॉकेलिन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञास सैबेरियांतील एका तांबड्या खनिजांत १७९७ सालीं सांपडला होता. त्याचीं संयुगें नाना रंगांचीं असतात म्हणून ग्रीक भाषेंतील ‘रंग’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचें नांव पडलें. ज्याचें नांवच रंग, त्यानें पुढें सर्व रंग पुसून केवळ आरसा व्हावें, ही मौज आहे. परंतु त्याचा मुलामा भरंवशानें चढविण्याची युक्ति सव्वाशें वर्षें कोणास साधली नाहीं. ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत फिंक व एल्ड्रिज या दोघांस १९२४ च्या सुमारास साधली, आणि पुढील कांहीं वर्षांतच मोटारींच्या पुढच्या जाळीपासून मोटारसायकलीच्या टाकीपर्यंत क्रोमचा संचार झाला. म्हणजे काळ्या रंगाचा पुरता अंमल होऊन गेल्यावर क्रोम आलें. वडिलांचें क्रोम हें त्यांच्या वडिलांच्या काळांत नवखें पोर होतें.

पुढें युद्ध आलें. इंग्लंडांत १ सप्टेंबर १९३९ रोजीं दिवेबंदी सुरू झाली. अमेरिकेंत जानेवारी १९४२ पासून, बंपर वगळतां, मोटारींच्या चकचकीत भागांवर क्रोम देण्याची बंदी झाली, कारण क्रोमियम व निकल हे दोन्ही धातु शस्त्रास्त्रांसाठीं हवे होते. त्या महिन्यांत बाहेर पडलेल्या गाड्यांची चकचकीत पट्टी रंगानें झांकलेली असे. लष्करी मोटारसायकलींना तर चकाकी वर्ज्यच होती. चकाकणारी वस्तु दुरून शत्रूच्या डोळ्यांत भरते. आमच्याकडील वडील माणसांस १९६५ व १९७१ च्या रात्री आठवत असतील. खिडक्यांच्या कांचांना काळे कागद चिकटविलेले, मोटारींच्या दिव्यांचा वरचा भाग काळा केलेला. आज ‘ब्लॅक्ड आउट’ म्हणून जी फॅशन मिरवते तिच्या नांवांतील मूळ शब्द या भीतीच्या काळांतला आहे.

युद्ध संपल्यावर अमेरिकन सैनिक घरीं परतले. त्यांतील कांहींनीं लष्कराच्या मोडींतल्या मोटारसायकली स्वस्तांत घेतल्या, त्यांचे अनावश्यक भाग कापून टाकले, आणि जे उरले त्यांवर हात सैल सोडून क्रोम चढविलें. चार वर्षें ज्यास चकाकी मना होती, त्यानें ती मिळतांच अंगभर ल्यावी, हें स्वाभाविकच होतें. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटांतील लांब, लखलखीत गाडीनें तें रूप जगभर नेलें, आणि क्रोम हें मुक्ततेचें चिन्ह झालें. याच्या नेमकें उलट इंग्लंडांत घडलें. १९४८ सालीं व्हिन्सेंट या कंपनीनें ‘ब्लॅक शॅडो’ नांवाची गाडी काढली. तिचें इंजिनसुद्धां काळें होतें, आणि ती आपल्या काळांतील अत्यंत वेगवान् गाड्यांपैकीं एक होती. येथें काळा रंग काटकसरीचा न राहतां अभिमानाचा झाला. पुढें क्रोमनें मढलेली भारी क्रूझर ही पिकल्या केसांच्या सुखवस्तु गृहस्थाची खूण ठरूं लागली, तेव्हां हार्ले-डेव्हिडसननेंच तरुणांसाठीं ‘डार्क कस्टम’ या नांवानें काळ्या गाड्यांची मालिका मांडली. २०१४ सालीं भारतांत आलेली त्यांची ‘स्ट्रीट ७५०’ ही याच काळ्या पोशाखांत आली.

एकूण काय, रंग तेच राहिले. त्यांचे अर्थ दर पिढीस बदलत गेले. चकाकी ही एकदां नवलाई होती, एकदां देशद्रोहाजवळ जाणारी उधळपट्टी होती, एकदां स्वातंत्र्य होती, आणि एकदां म्हातारपण झाली. काळिमा एकदां काटकसर, एकदां भय, एकदां ऐट व एकदां बंड झाला. यांतील कोणताही अर्थ धातूंत नाहीं. तो पाहणाऱ्याच्या काळांत आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्डचा कारखाना निघाला व ‘बुलेट’ येथें तयार होऊं लागली. १९६१ च्या सुमारास म्हैसुरास ‘जावा’ होऊं लागली. तिच्या टाकीच्या बाजूंचे क्रोमचे पत्रे आजही पुष्कळांच्या डोळ्यांसमोर असतील. तो काळ टंचाईचा होता. वाहन मिळणें हेंच मोठें भाग्य. त्यावर निवड कोठली? ज्या पिढीनें बजाजच्या स्कूटरसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहिली, तिच्या लेखीं दारांतील चकचकीत वाहन म्हणजे फळाला आलेली चिकाटी होती. रविवारीं सकाळीं जुना मऊ फडका घेऊन तें वाहन पुसीत बसणें हा त्या पिढीचा एक कुलाचारच होता. आजचे वडील क्रोमचा आग्रह धरतात तेव्हां त्यांत कलादृष्टि थोडी व ही आठवण पुष्कळ असते. चिरंजिवांनीं एवढें जाणलें तरी वादांतील अर्धी कटुता जाईल.

क्रूझर जातीची गाडी आपल्या महाराष्ट्रांतच सामान्य माणसाच्या आटोक्यांत आली. पुण्याच्या आकुर्डीच्या बजाज ऑटोनें जपानच्या कावासाकीच्या सहकार्यानें २००१ सालीं ‘एलिमिनेटर’ काढली. २००५ सालीं तिच्याच वळणावर ‘अॅव्हेंजर’ आली. ऑक्टोबर २०१५ मध्यें या कंपनीनें आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार बोलकी अशी एक गोष्ट केली. तिनें २२० सी. सी. च्या एकाच अॅव्हेंजरचे दोन अवतार एकाच वेळीं बाजारांत ठेवले. एकाचें नांव ‘क्रूझ’: उंच हँडल, आऱ्यांचीं चाकें आणि जागोजाग क्रोम. दुसऱ्याचें नांव ‘स्ट्रीट’: सपाट हँडल, काळीं चाकें, काळें इंजिन, सर्व अंग काळवंडलेलें. इंजिन तेंच, सांगाडा तोच. वेष तेवढा भिन्न. पुढें १५ नोव्हेंबर २०१८ रोजीं मुंबईंत ‘जावा’ पुन्हां अवतरली, तीही अशीच जोडीनें. ‘जावा’ला जुन्या वळणाचें क्रोम, ‘फॉर्टी टू’ला त्याचा त्याग. नोव्हेंबर २०२० मध्यें रॉयल एन्फील्डनें ‘मिटिऑर’ ही क्रूझर तीन पायऱ्यांवर मांडली. काळ्या सायलेन्सरची ‘फायरबॉल’ सर्वांत स्वस्त, व क्रोमनें अधिक नटलेली ‘सुपरनोव्हा’ सर्वांत महाग. २०२१ सालच्या नव्या ‘क्लासिक’मध्येंही सर्वांत वरच्या किमतीची पायरी ‘क्रोम’ याच नांवाची होती.

यावरून वाचकांच्या एक गोष्ट ध्यानांत येईल. ज्यास आपण आवडीचा प्रश्न म्हणतों, त्याच्या दोन्ही बाजू कारखानदारानें आधींच आंखून, त्यांना नांवें देऊन, किमतीच्या पायऱ्यांवर बसवून ठेवलेल्या आहेत. बंड खालच्या पायरीवर, प्रतिष्ठा वरच्या पायरीवर; गल्ला एकच. यांत कारखानदाराचा दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. व्यापाऱ्यानें व्यापार करावा हें युक्तच आहे. परंतु तरुणानें काळा रंग घेऊन आपण प्रवाहाविरुद्ध पोहतों आहों असें मानूं नये, व वडिलांनींही क्रोम घेऊन आपण परंपरा राखली असें समजूं नये.

मग खरी परंपरा कोठें पाहावी? आमच्या मतें ती आपल्या स्वयंपाकघरांत पाहावी. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा भाता घेऊन दारावर येत असे. भांडें तापवून, नवसागराची पूड टाकून, कथलाचा हात फिरवितांच तें रुप्यासारखें उजळे. ती चकाकी शोभेसाठीं नव्हती. पितळेंत आंबट पदार्थ कळकूं नये, घरांतील माणसांस बाधा होऊं नये, म्हणून ती होती. पुढें स्टीलचीं भांडीं आलीं आणि कल्हईवाला दिसेनासा झाला. आतां गंमत अशी कीं, हें न गंजणारें पोलाद क्रोमियमनेंच बनतें. त्यांत शेंकडा साडेदहा किंवा अधिक भाग तो धातु असतो. म्हणजे क्रोमियम आपल्या घरांत मोटारसायकलीवरून आलें त्याहून फार मोठ्या प्रमाणांत ताटवाटीवरून आलें. पण तेथें तें मुलामा नाहीं; तें अंगचें आहे. घासा, आपटा, चरे पाडा, आंतून पुन्हां तोच धातु दिसतो.

काळिम्याचीही अशीच अंगची परंपरा आपल्याकडे आहे. संक्रांतीची चंद्रकळा काळी, पंढरीचा विठोबा काळा. कल्याणच्या शेजारीं अंबरनाथ येथें वालधुनी नदीच्या कांठीं शिलाहारांच्या काळचें शिवालय आहे; त्यांतील लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. त्याच शिलाहारांचें ठाणें हें राजधानीचें नगर होतें. तें देऊळ सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचें आहे. त्यावर कोणी रंग दिलेला नाहीं, ओप दिलेला नाहीं, आणि साडेनऊशें पावसाळे त्यानें अंगावर घेतले आहेत.

या दोन्ही परंपरांचा मिलाफ पाहावयाचा असेल तर मराठी मुलुखाच्या सीमेवरील बीदर गांवचें बिदरी काम पाहावें. जस्त पुष्कळ व तांबें थोडें, सुमारें सोळास एक या प्रमाणांत, एकत्र ओतून भांडें करितात. त्यावर नक्षी कोरून तींत चांदीची तार ठोकून बसवितात. आणि शेवटीं तेथील जुन्या किल्ल्यांतील माती व नवसागर यांचा लेप तापल्या भांड्यावर चोळतात. त्या लेपानें जस्ताचें अंग गडद काळें होतें, आणि चांदीला मात्र कांहीं होत नाहीं. कल्हईवाल्याचा नवसागर भांडें उजळण्यास साह्य करी. बीदरच्या कारागिराचा नवसागर तेंच काळें करण्यास साह्य करितो. आणि ज्या वस्तूंत चांदी थोडी व काळी भूमि पुष्कळ, तीच डोळ्यांस अधिक निववते. चकाकी आणि काळिमा यांचें वैर आहे असें त्या कारागिरास कधीं वाटलेलें नाहीं.

आतां मोटारसायकलीच्या क्रोमकडे पुन्हां येऊं, कारण तेथें प्रश्न शोभेपुरता उरत नाहीं. पोलादाचा भाग प्रथम घासून गुळगुळीत करितात, मग त्यावर बहुधा तांबें, मग निकल, व सर्वांवर क्रोमियम चढवितात. निकलचा थर दहा ते तीस मायक्रॉन जाड असतो. क्रोमियमचा थर पाव ते अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही आंत. खरें रक्षण निकल करितें. क्रोम निकलला मंद पडूं देत नाहीं, इतकेंच. त्या पातळ थराला डोळ्यांस न दिसणाऱ्या भेगा असतात. ठाण्याची खाडी व उल्हास नदीची खाडी यांच्यावरून येणारा खारा, दमट वारा, आणि सुमारें अडीच हजार मिलिमीटरांचा आमचा पावसाळा या भेगांतून आंत शिरतो. निकलचा थर कारागिरानें चोरला असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षींच सायलेन्सरवर तांबडे ठिपके उठतात. स्वस्त क्रोमची स्वस्ताई नेहमीं या न दिसणाऱ्या निकलमधूनच निघते.

याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. क्रोम चढविण्याच्या जुन्या व आजही प्रचलित रीतींत क्रोमिक आम्लाचें पाणी वापरतात. त्यांतील क्रोमियम ज्या स्थितींत असतें तिला रसायनशास्त्रांत षट्संयुजी म्हणतात, आणि तें विषारी आहे. त्या हौदावरचे तुषार श्वासावाटे गेल्यानें कामगारांच्या नाकांतील पडद्यास व्रण होतात. आणि तें कर्करोगकारक आहे असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन-संस्थेनें १९९० सालीं दिला. स्टीलच्या वाटींतील क्रोमियम व हौदांतील हें क्रोमियम यांचें नांव एक असलें तरी गुण भिन्न आहेत, हें गृहिणींनीं लक्षांत ठेवावें. वाटीला भिण्याचें कारण नाहीं. युरोपांत या आम्लाचा वापर सप्टेंबर २०१७ पासून विशेष परवान्यावांचून करतां येत नाहीं. त्रिसंयुजी क्रोमियमची कमी घातक रीत १९७० नंतरच्या दशकापासून उपलब्ध आहे. तिची झांक थोडी सांवळी येते, आणि आमच्या मतें ती वाईट दिसत नाहीं.

आमचा हा पट्टा कारखान्यांचा आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें तें ठाण्याच्या वागळे इस्टेटींत. पाठोपाठ डोंबिवलीची वसाहत उभी राहिली. त्यांनीं हजारों मराठी घरांत चूल पेटती ठेवली, हें विसरणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २००९ सालीं देशांतील ४३ औद्योगिक क्षेत्रें अत्यंत प्रदूषित ठरविलीं त्यांत डोंबिवलीचें नांव होतें. आणि उल्हास व वालधुनी या नद्यांच्या दुर्दशेचा दावा ‘वनशक्ति’ या संस्थेला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें न्यावा लागला, ज्याचा निकाल २०१५ सालीं झाला. या सर्वाचें खापर मुलामा देणाऱ्यांवर फोडणें अन्यायाचें होईल. रंग, रसायनें व कापड यांच्या कारखान्यांचा वांटा त्यांत फार मोठा आहे. तरीही नियमानें सांडपाणी शुद्ध करणारा मुलामेवाला व मागच्या गल्लींतल्या पत्र्याच्या शेडींत पावतीशिवाय काम करणारा मुलामेवाला, यांच्या दरांत फरक कां पडतो, हें गिऱ्हाइकानें स्वतःस विचारावें. तो फरक पुष्कळ वेळां गटारांतून वाहून गेलेला असतो. ज्या वालधुनीच्या कांठीं साडेनऊशें वर्षांपूर्वीं कोणी काळ्या दगडांतून शिवालय उभें केलें, तिच्याच पाण्याची ही कथा आहे.

एवढें वाचून काळ्या पंथाचे तरुण विजयाच्या आनंदांत असतील. त्यांनीं थोडें थांबावें. क्रोम असलेला भाग काळा करावयाचा म्हणजे त्या गुळगुळीत पृष्ठावर रंग धरत नाहीं. तो धरावा म्हणून क्रोम खरवडावें किंवा रसायनानें उतरवावें लागतें, आणि उतरविलेलें क्रोम पुन्हां त्याच पाण्यांत जाऊं शकतें. चांगला काळा थर म्हणजे पावडर कोटिंग. कोरडी पूड विजेच्या आकर्षणानें चिकटवून सुमारें १८० ते २०० अंशांच्या भट्टींत ती भाजतात. तींत पातळ करण्याचें तेल लागत नाहीं व ती पुष्कळ टिकते. परंतु सायलेन्सरच्या तोंडाशीं असलेल्या उष्णतेपुढें साधी पूड तग धरत नाहीं. तेथें उष्णता सोसणारा वेगळा रंग हवा. डब्यांतून फवारलेला स्वस्त रंग दोन पावसाळ्यांत पापुद्र्यानें सुटतो. मंद काळ्या पृष्ठावर चरा पडला तर तो घासून घालवितां येत नाहीं. आणि मुख्य गोष्ट ही कीं, क्रोमवरचा गंज उघड दिसतो, काळ्याखालचा गंज लपून वाढतो.

कायदाही पाहिला पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें वाहनाच्या मूळ नमुन्याशीं विसंगत असा फेरफार मालकास करतां येत नाहीं, आणि ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हें निःसंदिग्ध शब्दांत सांगितलें आहे. आरसा किंवा कडें काळें केल्यानें कोणी हटकणार नाहीं. परंतु गाडीचा रंग नोंदणीपत्रांत लिहिलेला असतो, तो बदलल्यास ठाण्याच्या एम. एच. ०४ किंवा कल्याणच्या एम. एच. ०५ च्या परिवहन कार्यालयांत तशी नोंद करून घ्यावी. दिव्यांच्या कांचा काळवंडविणें व मागचे परावर्तक काढून टाकणें हा मात्र वेष नव्हे, आत्मघात आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही जळता राहावा असा नियम झाला, तो दुचाकी दुसऱ्याच्या नजरेस पडावी म्हणूनच. माळशेजच्या धुक्यांत काळ्या गाडीवर काळा पोशाख करून बसलेला तरुण समोरच्या ट्रकवाल्यास दिसला नाहीं, तर त्याच्या रसिकतेचें कौतुक करण्यास कोणी उरणार नाहीं.

तेव्हां क्रोम घ्यावें कीं काळें? आमचें मत विचाराल तर, गाडी घेतांनाच आपल्यास रुचेल तो अवतार घ्यावा, आणि मागाहून सोलण्या-चढविण्याच्या फंदांत पडूं नये. बाजारांत दोन्ही तयार आहेत. जुन्या गाडीवर क्रोम असेल व तें धड असेल, तर तें ठेवावें; त्याचें पाप पुण्य होऊन गेलें आहे, आतां गोड्या पाण्यानें धुवून, कोरडें पुसून, पावसाळ्यापूर्वीं मेणाचा हात देऊन तें टिकविणें हेंच शहाणपण. मुलामा नव्यानें द्यावयाचाच असेल तर थोड्या भागांस द्यावा, चांगला द्यावा, आणि दुकानदारास दराच्या आधीं सांडपाणी कोठें जातें हें विचारावें. काळें करावयाचें असेल तर ज्या भागांवर क्रोम नाहीं तेच करावे, व भट्टीचेंच काम करावें. बीदरच्या कारागिराप्रमाणें काळ्या भूमीवर चकाकी थोडी व नेमक्या जागीं राहूं दिली, तर वडील व चिरंजीव दोघेही संतुष्ट होतील असें आम्हांस वाटतें.

चकाकी असो वा काळिमा, दोन्ही धातूच्या अंगावरचे कपडे आहेत. कपडा कोणता ल्यावा हें ज्याचें त्यानें ठरवावें. तो कोठें धुतला गेला व त्याचें पाणी कोणाच्या दारावरून वाहिलें, हें मात्र ल्यावयाच्या आधीं पाहणें हें शेजारधर्माचें काम आहे, आणि हा शेजारधर्म आपल्या घरांत फॅशनपेक्षां पुष्कळ जुना आहे.